न्यूनतावाचक इंग्रजी शब्द आणि दुष्काळाची शासकीय परिभाषा

१

न्यूनता दाखविणाऱ्या शब्दांचा विचार हा सामान्यतः व्याकरणकाराचा किंवा कोशकाराचा विषय समजला जातो. थोडे, किंचित, अल्प, विरळ, दुर्मिळ, क्वचित हे शब्द वाक्यात कोणते कार्य करतात, त्यांच्या अर्थच्छटा कोठे जुळतात व कोठे वेगळ्या होतात, एवढे सांगितले म्हणजे या शब्दवर्गाचे विवेचन पूर्ण झाले असे मानण्याकडे प्रवृत्ती असते. इंग्रजी भाषेतील न्यूनतावाचक शब्दांच्या बाबतीत मात्र एवढ्याने काम भागत नाही. त्यांपैकी काही शब्द राज्यकारभारात शिरले, कायद्याच्या कलमांत जाऊन बसले आणि इंग्रजी सत्तेबरोबर हिंदुस्थानात आले. येथे आल्यावर एखाद्या जिल्ह्यातील पीकपाण्याचे वर्णन सरकारी कागदात कोणत्या शब्दाने झाले, यावर त्या जिल्ह्याचा सारा तहकूब होणार की वसूल होणार, खडी फोडण्याची कामे निघणार की नाहीत, हे पुष्कळ अंशी ठरू लागले.

१९६३ साली महाराष्ट्राच्या विधानमंडळाने एक लहानसा कायदा संमत केला. राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन' ही संज्ञा काढून टाकणे हाच त्याचा हेतू होता आणि कायद्याच्या नावातच तो हेतू नमूद केलेला होता. काढलेल्या संज्ञेच्या जागी 'स्कॅर्सिटी' ही संज्ञा आली. केवळ एक शब्द वगळण्यासाठी एखाद्या राज्याने स्वतंत्र कायदा करावा, ही घटना विरळच म्हटली पाहिजे. तिचा अर्थ लावावयाचा तर या दोन शब्दांमधील अंतर कसे निर्माण झाले, त्या अंतराला कायद्याचे वजन कोणी दिले आणि शब्द बदलल्याने शासनाचे कर्तव्य बदलते काय, या तीन प्रश्नांचा क्रमाने विचार करणे आवश्यक ठरते.

२

इंग्रजीतील न्यूनतावाचक शब्द एका मुशीतून निघालेले नाहीत. 'लिटल' आणि 'फ्यू' हे जुन्या इंग्रजीतील मूळचे शब्द होत. त्यांपैकी 'फ्यू' या शब्दाचे लॅटिनमधील 'पाउकुस' या शब्दाशी आदि-भारोपीय काळापासूनचे नाते आहे; पुढे त्याच लॅटिन शब्दापासून 'पॉसिटी' हे नाम इंग्रजीत आले. अशा रीतीने एकाच मुळाच्या दोन शाखा, एक घरची व एक विद्वानांनी आणलेली, इंग्रजीत शेजारी शेजारी नांदताना दिसतात. 'स्कँट' आणि 'वाँट' हे शब्द उत्तरेकडील नॉर्स लोकांच्या भाषेतून आले. पहिल्याचा मूळ अर्थ आखूड असा आहे आणि दुसऱ्याचा उणा किंवा नसलेला असा. 'वाँट' म्हणजे इच्छा करणे हा आज सर्वांना परिचित असलेला अर्थ त्यामानाने बराच अलीकडचा होय. जे नाही ते हवेसे वाटते, या मार्गाने अभावाचा शब्द इच्छेचा शब्द बनला.

वारंवारतेची न्यूनता दाखविणारे शब्दही असेच उद्बोधक आहेत. 'सेल्डम' या शब्दाच्या मुळाशी अपूर्व किंवा विलक्षण हा भाव आहे. जे विलक्षण ते नित्य घडत नाही, म्हणून त्याला कालवाचक अर्थ आला. 'रेअर' हा शब्द लॅटिन 'रारुस' या शब्दापासून निघाला. त्याचा प्रथमार्थ घट्ट विणीचा नसलेला, विरळ असा होता. स्थळातील विरळपणा काळाला लावला गेला आणि क्वचित घडणारे ते 'रेअर' ठरले. मराठीत 'विरळा' या शब्दाने नेमका हाच प्रवास केला आहे. 'क्वचित' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ 'कोठेतरी' असा स्थलवाचकच आहे हे लक्षात घेतले म्हणजे दोन दूरच्या भाषांनी काळाची न्यूनता सांगताना स्थळाचाच आधार घेतला ही गोष्ट विशेष वाटते. 'हार्डली' म्हणजे जोराने, मग कष्टाने आणि शेवटी जवळजवळ नाहीच, हा अर्थविकासही याच वर्गात मोडतो.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र तीन शब्द विशेष महत्त्वाचे आहेत. पहिला 'डर्थ'. महाग या अर्थाच्या 'डिअर' या विशेषणाला भाववाचक प्रत्यय लागून मध्य-इंग्रजी काळात हे नाम तयार झाले. म्हणजे 'डर्थ' हा मुळात धान्याच्या अभावाचा नव्हे, तर धान्याच्या किमतीचा शब्द आहे. मराठीतील 'महाग' हा शब्द संस्कृत 'महार्घ' यापासून, म्हणजे ज्याचे मोल मोठे त्यापासून, आलेला असल्याने 'महागाई' हा 'डर्थ' या शब्दाचा व्युत्पत्तीच्या दृष्टीने सख्खा प्रतिशब्द ठरतो. दुसरा शब्द 'स्कॅर्सिटी'. लॅटिनमधील वेचून काढणे या अर्थाच्या क्रियापदापासून उत्तर फ्रान्सच्या बोलीतून तो इंग्रजीत उतरला. उताऱ्याला इंग्रजीत जो 'एक्सर्प्ट' हा शब्द आहे तोही त्याच क्रियापदाचा. मध्य-इंग्रजीत हा शब्द वस्तूप्रमाणे माणसालाही लागत असे आणि तेव्हा त्याचा अर्थ कृपण असा होई. आधी हात आखडणारा माणूस 'स्कॅर्स' होता आणि धान्यही 'स्कॅर्स' होते. पुढे माणसाचा अर्थ लोपला व वस्तूचा तेवढा उरला. तिसरा शब्द 'फॅमिन'. भूक या अर्थाच्या लॅटिन 'फामेस' या शब्दापासून तो फ्रेंचमार्गे आला.

किंमत, साठा आणि भूक अशा तीन निरनिराळ्या गोष्टींवर हे तीन शब्द उभे आहेत. संस्कृत-मराठीतील शब्द आणखी वेगळ्या पायावर उभे आहेत. 'दुष्काळ' म्हणजे वाईट काळ, तर 'दुर्भिक्ष' म्हणजे ज्या काळी भिक्षा मिळणे कठीण तो काळ. पहिला शब्द कालाकडे बोट दाखवितो आणि दुसरा देणाऱ्याच्या दाराकडे. इंग्रजीतील तीन पायऱ्या मराठीतील एकाच 'दुष्काळ' शब्दात सामावतात. शिवाय अवर्षण हाही अर्थ तोच शब्द वाहतो. या भेदाचे परिणाम पुढे पाहावयाचे आहेत.

या शब्दवर्गाचा आणखी एक विशेष येथे नोंदविला पाहिजे. न्यूनतावाचक शब्द केवळ परिमाण सांगत नाहीत, ते परिमाणाचा अपेक्षेशी संबंध सांगतात. इंग्रजीत 'फ्यू' आणि 'अ फ्यू' यांत वस्तूंची संख्या एकच असू शकते. परंतु एकाने हवे तेवढे नाही असे सुचविले जाते आणि दुसऱ्याने काही तरी आहे असे. मराठीत 'थोडे आहे' आणि 'थोडेच आहे' यांत हा भेद एका 'च'ने साधतो. कणगीतील धान्य तेवढेच असते. कोणाच्या गरजेच्या तुलनेने ते मोजले, हे शब्द सांगतो. यामुळेच न्यूनतेचा शब्द निवडणारा माणूस कोण आहे, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला टाळता येत नाही.

३

इंग्लंडमध्ये 'डर्थ' हा शब्द राज्यकारभारात प्रथम रूढ झाला. पहिल्या एलिझाबेथच्या कारकीर्दीत, १५८६-८७ च्या धान्यटंचाईत, प्रिव्ही कौन्सिलने परगण्यांतील न्यायाधिकाऱ्यांना छापील आज्ञापत्रे पाठविली. धान्याचे साठे मोजावेत, कुटुंबाच्या व बियाण्याच्या गरजेपलीकडील धान्य बाजारात आणवावे, गरिबांना ते आधी मिळेल असे पाहावे, असा त्यांचा आशय होता. १५९० नंतरच्या दुर्भिक्षाच्या वर्षांत आणि पुढे १६२२ व १६३० या वर्षी अशीच आज्ञापत्रे पुन्हा निघाली. किमतीवरून आलेला हा शब्द उच्चारला की कोणाच्या कोठारात किती धान्य आहे याचा शोध घेणे, हे सरकारचे काम ठरत असे. किमतीचा शब्द किंमत मागणाऱ्याकडे लक्ष वेधतो, ही गोष्ट स्वाभाविक होय. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये धान्यासाठी जे दंगे झाले त्यांचे विवेचन करताना इ. पी. टॉम्प्सन या इतिहासकाराने १९७१ साली दाखवून दिले की दंगेखोरांच्या मनात रास्त भावाची ही जुनी कल्पनाच वावरत होती.

या विचारसरणीला अॅडम स्मिथने छेद दिला. १७७६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात धान्यव्यापाराविषयी लिहिताना त्याने हे तिन्ही शब्द एका ओळीत मांडले व त्यांचा कार्यकारणसंबंध निश्चित केला. त्याच्या मते 'डर्थ' हा व्यापाऱ्यांच्या संगनमताने उद्भवत नाही, तर खऱ्या 'स्कॅर्सिटी'मुळे उद्भवतो आणि ही 'स्कॅर्सिटी' क्वचित युद्धाच्या नासाडीने पण बहुधा ऋतुमानाच्या दोषाने येते. 'फॅमिन' मात्र निसर्गाने येत नाही. 'डर्थ'ची अडचण दूर करण्यासाठी सरकारने भलत्याच उपायांनी जबरदस्ती केली म्हणजे ते येते. विशेष हे की या सिद्धान्ताला उदाहरण म्हणून त्याने बंगालचा उल्लेख केला. काही वर्षांपूर्वीच्या अवर्षणाने तेथे मोठा 'डर्थ' पडला असता. परंतु ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांनी तांदळाच्या व्यापारावर घातलेल्या अविचारी बंधनांनी बहुधा त्याचे 'फॅमिन' झाले, असे त्याचे म्हणणे होते. १७७० च्या बंगालच्या भीषण दुष्काळाचा हा निर्देश आहे. अशा प्रकारे या तीन शब्दांची उतरंड रचली जात असतानाच हिंदुस्थान तिच्यात प्रविष्ट झालेला होता.

स्मिथच्या विवेचनात 'स्कॅर्सिटी' हे मूळ कारण बनले आणि ते कारण निसर्गाच्या स्वाधीन झाले. १७९५ साली इंग्लंडात धान्य महागले तेव्हा एडमंड बर्कने पंतप्रधान पिट यांच्यासाठी जे टिपण लिहिले, व जे त्याच्या मृत्यूनंतर १८०० साली प्रसिद्ध झाले, त्याच्या शीर्षकात 'डर्थ' नसून 'स्कॅर्सिटी' आहे. मजुरांना अन्न पुरविणे हे सरकारचे काम नव्हे, हा त्या टिपणाचा गाभा होय. केवळ शब्दबदलाने विचार बदलला असे म्हणणे अतिशयोक्त ठरेल. तथापि किमतीच्या शब्दाकडून साठ्याच्या शब्दाकडे झालेले हे संक्रमण आणि कोठारे तपासणाऱ्या सरकारकडून हात राखून राहणाऱ्या सरकारकडे झालेले संक्रमण ही समांतर चाललेली दिसतात, एवढे निश्चित म्हणता येते. पुढे १९३२ साली लायोनेल रॉबिन्सने अर्थशास्त्राची व्याख्याच दुर्मिळ साधनांच्या आधारे केली, तेव्हा 'स्कॅर्सिटी' ही विशिष्ट वर्षाची आपत्ती न राहता मानवी व्यवहाराची नित्याची अट बनली.

४

एकोणिसाव्या शतकातील हिंदुस्थानात स्मिथच्या सिद्धान्ताचा पूर्वार्ध, म्हणजे सरकारने धान्याच्या व्यापारात हात घालू नये हा, अधिकाऱ्यांनी प्रमाण मानला. १८६६ साली ओरिसात दुष्काळ पडला असता बाहेरून तांदूळ आणण्यास कलकत्त्याच्या रेव्हेन्यू बोर्डाने वेळीच संमती दिली नाही. सुमारे दहा लाख माणसे दगावली असा अंदाज केला जातो. १८७३-७४ मध्ये बिहारात सर रिचर्ड टेंपल यांनी धान्य आणवून मोठा खर्च केला, जीवितहानी टाळली आणि उधळपट्टीबद्दल दोष पदरात घेतला. तेच टेंपल १८७७ मध्ये मुंबई व मद्रास इलाख्यांच्या पाहणीसाठी आले तेव्हा काटकसरीचा आग्रह घेऊन आले. कष्टाच्या कामावरील पुरुषास दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर एक आणा, असे मजुरीचे प्रमाण त्यांनी सुचविले. जगण्यास किमान किती लागते, हा न्यूनतेचा प्रश्न अशा रीतीने वजनात उतरला. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी हे प्रमाण माणसाला पुरेसे नाही असा आक्षेप घेतला. मुंबई इलाख्यात मजुरी उतरविल्यावर अनेक ठिकाणी मजुरांनी कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने या काळात दुष्काळी भागांतून माहिती गोळा करून सरकारकडे जी वृत्ते पाठविली, ती या प्रसंगाच्या इतिहासाचे एक महत्त्वाचे साधन होत.

या दुष्काळानंतर सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने १८८० साली आपला अहवाल दिला. त्याच्या आधारे १८८३ मध्ये दुष्काळसंहितेचा मसुदा प्रांतांकडे गेला आणि पुढील काळात प्रांतोप्रांतीच्या संहिता तयार झाल्या. या संहितांचे महत्त्व असे की न्यूनतेचे मोजमाप त्यांनी प्रथमच कार्यपद्धतीत बसविले. धान्याचे भाव चढणे, सावकाराने कर्ज देण्याचे थांबविणे, लोकांनी गुरेढोरे घेऊन गाव सोडणे, चोऱ्या वाढणे ही पूर्वचिन्हे ठरविण्यात आली. चिन्हे दिसू लागली की प्रथम चाचणीची कामे काढावयाची. कष्ट पुष्कळ व मजुरी बेताची असूनही त्या कामांवर माणसे लोटली, तर संकट खरे समजावयाचे आणि मोठी कामे सुरू करावयाची. ज्यांना काम करणे शक्य नाही त्यांना फुकट अन्न द्यावयाचे. 'स्कॅर्सिटी' ही खालची पायरी आणि 'फॅमिन' ही वरची, अशी श्रेणी प्रशासनात रूढ झाली व प्रत्येक पायरीला खर्चाचे व अधिकाराचे वेगवेगळे नियम जोडले गेले. कोशातील अर्थच्छटा ही आता हक्काची मर्यादारेषा बनली.

ही रेषा लोकांना ठाऊक असावी की नाही, हा प्रश्न लवकरच उभा राहिला. १८९६-९७ च्या दुष्काळात लोकमान्य टिळक आणि सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते यांनी संहितेतील तरतुदी मराठीतून शेतकऱ्यांना समजावून सांगण्याची मोहीम हाती घेतली. पीक बुडाले असता सारा तहकूब करण्याची तरतूद सरकारच्याच नियमांत आहे, ती मागणे म्हणजे भीक नव्हे, हा तिचा आशय होता. सरकारने १८९७ मध्ये सभेची मान्यता काढून घेतली. इंग्रजीत छापलेला नियम मराठीत सांगणे एवढ्याच कृत्याने राज्यकर्ते अस्वस्थ झाले, यावरून शब्द आणि हक्क यांचा सांधा किती घट्ट बसला होता हे दिसून येते.

५

शब्दांतील संदिग्धता टाळण्यासाठी प्रशासनाने आकड्यांचा आश्रय घेतला. पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे धरून त्या मानाने चालू वर्षाचे पीक किती, ही आणेवारीची पद्धत मुंबई इलाख्यात सारावसुलीचा आधार होती. परंतु आकडा हा शब्दापेक्षा निःपक्षपाती असतोच असे नाही. १९१८ साली खेडा जिल्ह्यात जो सत्याग्रह झाला त्याचे मूळ येथेच होते. पीक चार आणे किंवा त्याहून कमी असेल तर साऱ्याची पूर्ण तहकुबी मागता येत असे. पीक चार आण्यांहून कमी आहे असे शेतकरी म्हणत होते, आणि सरकारी नजरअंदाज त्याहून अधिक दाखवीत होता. गांधीजींनी त्रयस्थाकडून चौकशी करण्याची मागणी केली, ती सरकारने नाकारली. पूर्ण पीक कशाला म्हणावयाचे आणि शेताच्या बांधावर उभे राहून ते कोणी ठरवावयाचे, हा वादाचा खरा विषय होता. अपेक्षेवाचून न्यूनता मोजता येत नाही, हे व्याकरणातील तत्त्व येथे साऱ्याच्या पावतीवर अवतरलेले दिसते.

संहितेतील शब्दाचे सामर्थ्य व त्याची दुर्बलता ही दोन्ही १९४३ च्या बंगालमध्ये एकदम प्रकट झाली. लाखो माणसे अन्नावाचून मरत असता बंगाल सरकारने संहितेप्रमाणे 'फॅमिन' जाहीर केले नाही. प्रभारी गव्हर्नर सर टॉमस रदरफर्ड यांनी ऑक्टोबर १९४३ मध्ये व्हाइसरॉयला जे कारण कळविले ते असे की संहितेने ठरविलेला शिधा देण्याइतके धान्यच सरकारजवळ नाही, म्हणून संहिता लागू केलेली नाही. शब्द उच्चारला तर कर्तव्य अंगावर येते, म्हणून शब्दच उच्चारावयाचा नाही, असा हा व्यवहार होता. सर जॉन वुडहेड यांच्या चौकशी आयोगाने १९४५ साली मृतांची संख्या सुमारे पंधरा लाख धरली. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज वीस ते तीस लाखांपर्यंत जातात.

याच घटनेच्या अभ्यासातून अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये जो निष्कर्ष काढला त्याने स्मिथपासून चालत आलेली शब्दांची उतरंड मोडली. त्यांच्या आकडेमोडीप्रमाणे १९४३ सालचा बंगालमधील धान्यपुरवठा आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीहून सुमारे पाच टक्क्यांनीच कमी होता आणि १९४१ च्या मानाने तर तो तेरा टक्क्यांनी अधिक होता. या आकड्यांवर पुढे पुष्कळ वाद झाला. तथापि काही लोकांजवळ अन्न नसणे ही एक गोष्ट आणि अन्नाचा साठा कमी असणे ही दुसरी गोष्ट, हा सेन यांनी केलेला भेद टिकून राहिला आहे. 'फॅमिन' ही 'स्कॅर्सिटी'च्या वरची पायरी नव्हे; ती दुसऱ्याच जिन्याची पायरी असू शकते. भुकेपासून निघालेला शब्द आणि साठ्यापासून निघालेला शब्द यांचा मूळचा वेगळेपणा अशा रीतीने अर्थशास्त्राने पुन्हा प्रस्थापित केला.

६

या पार्श्वभूमीवर १९६३ च्या महाराष्ट्राच्या कायद्याकडे पाहिले पाहिजे. त्यामागील भूमिका अशी होती की राज्यातील शेतीच्या स्थितीवर सरकारचे सतत लक्ष असते, टंचाईची चिन्हे दिसताच मदतीची कामे सुरू होतात, त्यामुळे 'फॅमिन'ची अवस्था येण्यास आता वाव उरलेला नाही. म्हणून ती संज्ञा कायद्यांतून जावी. यातील आत्मविश्वास अनाठायी होता असे म्हणता येत नाही. स्वराज्यात माणसे भुकेने मरू द्यावयाची नाहीत हा संकल्प त्यात होता. परंतु संकल्पाची नोंद कर्तव्य वाढवून न करता शब्द वगळून केली गेली, हेही खरे. १९६६ साली राज्याने 'स्कॅर्सिटी'विषयीची नियमपुस्तिका काढली आणि मराठी कारभारात 'टंचाई' हा शब्द दृढ झाला. टंचाई शाखा, टंचाई आराखडा, टंचाईग्रस्त गाव अशी शब्दांची मालिकाच त्यातून तयार झाली. आणेवारीची पैसेवारी झाली आणि पन्नास पैशांहून कमी पीक ही टंचाईची खूण ठरली.

त्याच सुमारास बिहारने उलट मार्ग घेतला. १९६६ च्या अवर्षणानंतर तेथे प्रथम 'स्कॅर्सिटी'चीच भाषा चालू होती. १९६७ च्या निवडणुकीनंतर सत्तेवर आलेल्या नव्या सरकारने त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये राज्याच्या काही भागांत 'फॅमिन' जाहीर केले. शब्दाची ही निवड राजकारणापासून अलिप्त नव्हती. परंतु तिच्यामुळे देशाचे व परदेशांचे लक्ष बिहारकडे वेधले गेले, याबद्दल दुमत नाही.

महाराष्ट्राची कसोटी १९७२-७३ मध्ये लागली. अवर्षणाच्या ओळीने आलेल्या वर्षांनंतर १९७२ च्या खरिपाने दगा दिला आणि कायद्याच्या दृष्टीने 'फॅमिन' अस्तित्वात नसलेल्या राज्यात दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या मे १९७३ मध्ये पन्नास लाखांच्या आसपास पोहोचली. रस्ते, नालाबंडिंग, पाझर तलाव, खडी फोडणे अशी ही कामे होती. जीवितहानी मुळीच झाली नाही असे लोकसंख्याशास्त्राचे अभ्यासक म्हणत नाहीत. परंतु १८९९-१९०० च्या संहाराशी तिची तुलनाही होऊ शकत नाही. सौम्य शब्दाखाली चाललेल्या या कामाने जे साधले ते १९४३ च्या बंगालमध्ये, गंभीर शब्द संहितेत छापलेला असूनही, साधले नव्हते. लोकांनी मात्र सरकारी परिभाषा स्वीकारली नाही. सुकडी आणि मिलो यांच्या आठवणींसह ते वर्ष मराठी माणसाच्या बोलण्यात 'बहात्तरचा दुष्काळ' म्हणूनच राहिले. 'बहात्तरची टंचाई' असे कोणी म्हणत नाही.

या अनुभवातून जे पुढे आले ते या सर्व शब्देतिहासाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे होय. वि. स. पागे यांच्या प्रयत्नाने आकारास आलेली रोजगार हमी योजना १९७७ च्या कायद्याने हक्काच्या स्वरूपात मांडली गेली आणि तो कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. ग्रामीण भागातील प्रौढ व्यक्तीने अंगमेहनतीचे काम मागितले तर ते देणे हे शासनाचे कर्तव्य ठरले. त्यासाठी जिल्ह्यात 'फॅमिन' आहे की 'स्कॅर्सिटी' आहे हे कोणी जाहीर करण्याची अट राहिली नाही. संहितेतही काम मागण्यास येणाऱ्या माणसांची संख्या हीच संकटाची कसोटी होती. परंतु तेथे माणसांच्या येण्यावरून सरकार शब्द ठरवी आणि शब्दावरून मदत ठरे. नव्या कायद्यात मधला शब्दच गळून पडला. २००५ मध्ये संसदेने संमत केलेल्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यामागे महाराष्ट्राच्या या अनुभवाची प्रेरणा होती.

७

तथापि शब्दांचा प्रश्न यामुळे मिटला असे मात्र झाले नाही. साऱ्यातील सूट, पीककर्जाची पुनर्रचना, परीक्षा शुल्काची माफी, वीजबिलातील सवलत, टँकरचा पाणीपुरवठा यांसारख्या गोष्टी जाहीरनाम्याशी जोडलेल्या राहिल्या आणि म्हणून जाहीरनाम्यातील शब्दही वादाचा विषय राहिला. २०१५ च्या खरिपानंतर महाराष्ट्र शासनाने हजारो गावांत 'दुष्काळसदृश परिस्थिती' जाहीर केली. दुष्काळ आणि दुष्काळासारखे काही, यांत शेतकऱ्याच्या दृष्टीने काय फरक आहे, हा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मे २०१६ मध्ये शासनाने 'दुष्काळसदृश' या शब्दाच्या जागी 'दुष्काळ' असे वाचावे असा खुलासा केला. 'सदृश' हा प्रत्ययवजा शब्द 'फ्यू' आणि 'अ फ्यू' यांतील लहानशा भेदाची आठवण करून देतो. वस्तुस्थिती तीच, तिच्याकडे कोणत्या बाजूने पाहिले ते शब्द सांगतो.

या इतिहासावरून दोन सोपे निष्कर्ष काढण्याचा मोह होतो आणि ते दोन्ही अपुरे आहेत. शब्द बदलल्याने वास्तव बदलत नाही, म्हणून शब्दाला महत्त्व नाही, हा पहिला. १८९७ चे पुणे आणि १९४३ चे बंगाल त्याचे खंडन करतात. गंभीर शब्द वगळणे म्हणजे जबाबदारी झटकणे, हा दुसरा. १९७२-७३ चा महाराष्ट्र त्याला मर्यादा घालतो. पुराव्याला धरून एवढेच म्हणता येते की न्यूनतेच्या शब्दाचे मोल त्याच्या तीव्रतेवर अवलंबून नसून त्याला बांधलेल्या कर्तव्यावर अवलंबून असते. 'डर्थ' उच्चारताच एलिझाबेथकालीन अधिकाऱ्याला कोठारे तपासावी लागत. 'फॅमिन' न उच्चारल्याने बंगालच्या सरकारला शिधा द्यावा लागला नाही. आणि रोजगार हमीच्या कायद्याने कोणताच शब्द न उच्चारता काम मागण्याची मुभा दिली. साधनग्रंथ वाचताना 'स्कॅर्सिटी' या शब्दाचा अनुवाद दर वेळी 'टंचाई' असा करून पुढे जाणे म्हणूनच धोक्याचे आहे. तो शब्द कोणत्या वर्षी, कोणी, कोणाच्या गरजेच्या मानाने लिहिला आणि तो लिहिल्यामुळे कोणावर काय करण्याचे बंधन आले, हे पाहिल्याविना त्याचा अर्थ पुरता हाती लागत नाही.